आरशाकडे पाठ करून

प्रिय मुली,

"योग केला तर मला माझं शरीर आवडायला लागेल का?" हा तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर आधी देते. आवडेलच असं नाही. आवडायलाच हवं अशी अटही स्वतःला घालू नकोस, कारण रोज सकाळी उठून "आज आवडतंय का?" असं बघणं म्हणजे पुन्हा तीच तपासणी सुरू. योगाकडे मागायची गोष्ट वेगळी आहे. सध्या तू स्वतःकडे दिवसभर बाहेरून बघतेस, जणू समोर कुणीतरी उभं आहे आणि तू त्याच्या डोळ्यांनी स्वतःला बघते आहेस. बसल्यावर पोट दिसतंय का, हसताना गाल वर येतात का, हे सारखं चालू असतं. आपण जो सराव करणार आहोत, त्यात ही बघण्याची जागा हळूहळू आत सरकवायची आहे.

१९९७ साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी या सवयीची नीट मांडणी केली. मुली इतरांची नजरच आपली नजर म्हणून वापरायला लागतात, त्यातून लाज आणि काळजी वाढते. त्यांच्या मांडणीतला आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: बाहेरून बघण्यात लक्ष इतकं गुंतून राहतं की भूक, थकवा, पोट भरल्याची जाणीव, छातीतली धडधड हे आतले संदेश बोथट होतात. तू लिहिलं आहेस की भूक लागली आहे की नाही तेच हल्ली कळत नाही. त्याचं मूळही या बाहेरून बघण्यातच असू शकतं.

"फोटो खोटे असतात हे मला माहीत आहे, तरी वाईट का वाटतं?" असंही विचारलंस. माहिती पुरत नाही म्हणून. माणूस स्वतःला जोखायला दुसऱ्याशी तुलना करतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं, आणि ही तुलना विचार करायच्या आधीच होऊन जाते. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतलं शरीर फोटोत बदललेलं असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे. हेतू चांगला आहे. पण अशी सूचना वाचूनही बघणाऱ्यांच्या मनावरचा परिणाम फारसा कमी होत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून स्वतःशी वाद घालत बसण्यापेक्षा डोळ्यांसमोर काय येतं ते बदलणं जास्त उपयोगी.

ते बदलणं किती महत्त्वाचं आहे, हे फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात दिसतं. भरदार अंगाला मान असलेल्या त्या समाजातल्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. संशोधक ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्नावली दिली. खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या वृत्तीची लक्षणं दिसणाऱ्या मुलींचं प्रमाण तीन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेलं होतं. आणि तो घरातला एकच पडदा होता, थोड्या वाहिन्यांचा. तुझ्या हातातला पडदा, तू कशावर क्षणभर थांबलीस हे मोजतो आणि तेच आणखी आणून देतो.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात एक काम कर. फोन बघताना ज्या खात्यानंतर हात आपोआप पोटाकडे किंवा हनुवटीकडे जातो, ते त्याच क्षणी म्यूट कर. ते खातं चांगलं की वाईट, याचा विचार नको. तुझा हात काय करतो तेवढंच बघ. "सात दिवसांत कंबर" छापाच्या व्हिडिओवर "यात रस नाही" दाब. रागाने कमेंट करू नकोस, कारण तीही आवड म्हणूनच मोजली जाऊ शकते. सकाळी उठल्यावरचा आणि झोपण्याआधीचा अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

सेल्फीतल्या नाकाबद्दल तू अर्धं पान लिहिलं आहेस, त्याचं कारण भूमितीत आहे. फोन चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असतो, तेव्हा नाक कानांपेक्षा लेन्सच्या खूपच जवळ असतं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत तेच नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. ज्या नाकावर तू रडलीस ते त्या आकाराचं नाहीच.

आता सरावाकडे येते.

पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. चटई आरशाकडे पाठ येईल अशी अंथर, फोन बाहेर ठेव. कंबरेत न रुतणारे, सारखे ओढावे लागणार नाहीत असे कपडे घाल. टी-शर्ट वर सरकत असेल तर आधीच खोचून घे. नाही तर अर्धं लक्ष तिथेच राहतं.

उताणी झोप, गुडघे वाकलेले, पावलं कंबरेइतक्या अंतरावर, टाचा बैठकीपासून साधारण एक वीत दूर. चार मिनिटं. लक्ष तळहात आणि तळपायांपासून सुरू कर, मग मनगटं, घोटे, पोटऱ्या, असं काठाकडून मध्याकडे ये. शरीराची जाणीव घ्यायची म्हणून अनेकजणी थेट पोटाकडे लक्ष नेतात आणि किळस वाटून पाच मिनिटांत उठतात. पोटाबद्दल वर्षानुवर्षांची मतं साठलेली असतात, तळहाताबद्दल कुणाचंच मत नसतं. तिथे फक्त गरम की गार, जड की हलकं, दाब कुठे आहे, एवढंच विचार. "बेढब" ही जाणीव नाही, ते मत आहे. तो शब्द आला की परत तळहाताकडे जा.

मग श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मध्ये रोखणं नाही, दहा वेळा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो लांब ठेवायचा. इथे थोडं थांबून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. सपाट दिसावं म्हणून तू दिवसभर पोट आत ओढून धरतेस. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो आणि पोटातले अवयव पुढे सरकतात. पोट फुगणं हे श्वास घेण्याचंच काम आहे. पोट आवळलेलं असलं की पडद्याला खाली जायला जागा राहत नाही, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि मान-खांद्यांचे स्नायू जादा राबतात. संध्याकाळी दुखणाऱ्या खांद्यांना हीच सवय कारण असू शकते. सुरुवातीला हात पोटावर ठेवू नकोस, बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेव. आठवडाभराने एक हात पोटावर आण, आणि ते वर येतंय तेव्हा येऊ दे.

नंतर मार्जरासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ श्वासाबरोबर आळीपाळीने वर गोल करणं आणि खाली सोडणं. मनगटं खांद्यांच्या खाली, गुडघे कंबरेच्या खाली, सहा ते आठ आवर्तनं. शेवटी पाठ सरळ ठेवून तीन श्वास पोट पूर्ण सैल सोडून लोंबू दे. बऱ्याच मुलींच्या हे लक्षात येतं की जागेपणी आपण असं कधी सोडलेलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पुढे चल.

उभी राहा, ताडासन, एक मिनिट. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, डावीकडे की उजवीकडे? डोळे मिटून चक्कर किंवा भीती वाटत असेल तर उघडे ठेव आणि दीड मीटरवर जमिनीकडे बघ. डोळे मिटलेच पाहिजेत असा नियम नाही. काहींना त्याने अस्वस्थता वाढते.

वीरभद्रासन, दुसरा प्रकार: पाय फाकवून, एक गुडघा वाकवून, हात दोन्ही बाजूंना पसरून उभं राहायचं. पावलांत साधारण एक ते सव्वा मीटर अंतर, पुढचा गुडघा बरोबर घोट्यावर, आत कलंडू न देता. प्रत्येक बाजूला पाच श्वास. तिसऱ्या श्वासाला मांडी थरथरेल. तू जी मांडी ओढणीखाली झाकतेस तीच इथे तुझं सगळं वजन तोलून धरते, तेव्हा त्या थरथरीकडे नीट लक्ष दे. मग भिंतीजवळ वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभं राहणं. दुसरं पाऊल घोट्याशी, पोटरीला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला टेकव, गुडघ्यावर कधीही नको, त्या सांध्याला बाजूचा दाब सोसत नाही.

बालासनात, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकून डोकं टेकवताना, पोट मांड्यांवर दाबलं जाऊन तुला गुदमरायला होतं, असं लिहिलंस. गुडघे चटईच्या कडेपर्यंत फाकव, छातीखाली उशी उभी ठेव आणि डोकं तिच्यावर टेकव. बसून पीळ घालताना किंवा पुढे वाकताना पोटाची वळी मध्ये येते, तेव्हा हाताने ती बाजूला सारून घे, जसं बसताना कपडा नीट करतो तसं. योगशिक्षक हे वर्गात क्वचितच मोठ्याने सांगतात. त्यांनी सांगायला हवं. त्वचा आणि मांस सरकतं, वळतं, दुमडतं. बारीक शरीरातही पुढे वाकलं की घडी पडतेच.

शेवटी शवासन, सात मिनिटं, अंगावर पांघरूण, डोक्याखाली पातळ आधार. वेळ कमी असला तर वीरभद्रासन सोड, हे सोडू नकोस.

झाल्यावर वहीत दोन ओळी. "डाव्या टाचेवर वजन जास्त होतं, सहाव्या श्वासाला जबडा सैल झाला" अशा. "आज पोट सपाट वाटलं" ही ओळ कौतुकाची असली तरी लिहू नकोस, ती पुन्हा बाहेरूनच बघते.

वर्गात शेजारची मुलगी पद्मासनात सहज बसते आणि तुझा गुडघा वरच राहतो, याचं तू मनाला फार लावून घेतलं आहेस. मांडीच्या हाडाची मान किती अंशांत वळलेली आहे, खुब्याची खोबण किती खोल आणि कुठल्या दिशेला आहे, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. हाड हाडाला टेकलं की सरावाने पुढे जाता येत नाही. जबरदस्तीने पाय ओढलास तर खुब्यात न मिळालेला पीळ गुडघा घेतो आणि तिथली कूर्चा फाटू शकते. योगाचा जुना ग्रंथ म्हणजे पतंजलींची योगसूत्रं; त्यातल्या जवळपास दोनशे सूत्रांत आसनाबद्दल थेट सांगणारी सूत्रं तीनच, आणि पहिलं आहे "स्थिरसुखमासनम्". आसन स्थिर आणि सुखद असावं. ते कसं दिसावं याबद्दल तिथे अक्षरही नाही. चटईवर वाकलेल्या कमनीय देहांचे जे फोटो तू जपून ठेवले आहेस, ते या सूत्राचे फोटो नाहीत. ते काढून टाक.

शिक्षक निवडताना कान उघडे ठेव. "चरबी जाळा", "कालचं खाल्लेलं फेडा" अशी भाषा असेल तर वर्ग बदल. न विचारता हात लावून आसन दुरुस्त केलं तर "हात नको" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पोट कमी करायला म्हणून कपालभाती करू नकोस. त्या क्रियेचा उद्देश तो नाही, आणि तुझ्यासारख्या उपाशी राहणाऱ्या मुलीला त्याने भोवळच येईल.

आता सर्वात गंभीर भाग. भरपेट जेवणानंतर तीन-चार तासांनी सराव करावा हा नियम बरोबर आहे, पण जेवण टाळणाऱ्याच्या हाती तो सोयीचं निमित्त होतो. तू तासभर आधी थोडं हलकं खा आणि सरावानंतर अर्ध्या तासात जेव. वजनकाटा कपाटात ठेव. पाणी, मीठ आणि पाळी यांनी वजन एका-दोन दिवसांत किलो-दीड किलो सहज हलतं. पाळी थांबली असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, जेवून मुद्दाम ओकत असशील, सतत थंडी वाजत असेल, केस मुठीने गळत असतील, तर सराव थांबव आणि आधी डॉक्टरांना गाठ. वारंवार ओकल्याने रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. तिथे शवासन उपयोगाचं नाही. डॉक्टरांसोबत मानसोपचारतज्ज्ञही हवेत. योग या उपचारांच्या जोडीला चालतो, त्यांच्या जागी नाही. यातलं एकही लक्षण असेल तर मला न लपवता लिही, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला आजच सांग.

तुझ्या भावालाही हे पत्र वाचायला दे. दंड पुरेसे जाड नाहीत म्हणून तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो असं तू ओझरतं लिहिलंस. मुलांच्यात हा त्रास उलट्या दिशेने येतो, म्हणून तो लवकर ओळखू येत नाही. उघड्या छातीच्या त्या फोटोंआधी अनेकदा पाणी तोडलेलं असतं, नुकतेच स्नायू फुगवलेले असतात आणि प्रकाश वरून पाडलेला असतो, एवढं त्याला सांग. वरचा सराव त्यालाही जसाच्या तसा चालेल.

तीन आठवड्यांनी वहीतल्या ओळी उतरवून पाठव, अक्षर कसंही असू दे. ज्या दिवशी चटई अंथरलीच नाहीस, त्या दिवसाची तारीखही लिही. आणि भूक कधी लागली हे ज्या दिवशी आपणहून कळेल, त्या दिवशी बाजूला वेळ टाक.

तुझी,
ताई