फॉरेनच्या लोकांसमोर इंग्लिशमध्ये बोलायचंय आणि आत्तापासूनच घाम फुटलाय

बडोद्यात छोटे कारखानेवाले माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवात बहुतेक झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढलीये, घरात चिडचिड होते अशी होते आणि मग अर्ध्या तासाने खरं काय ते बाहेर येतं. माल चांगला आहे, भाव बरोबर आहे, पण एक्स्पोर्ट वाढवायचं तर बाहेरच्या लोकांसमोर उभं राहून इंग्लिशमध्ये बोलावं लागणार, आणि तिथे आपली फजिती झाली तर कंपनीचंच हसू होईल, ही ती भीती. हल्ली हे फार ऐकते, म्हणून एक केस सांगते. परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गृहस्थ पंचेचाळीशीचे, दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) युनिट. फार्मा आणि केमिकल कंपन्यांना लागणारी काचेची उपकरणं बनवतात, रिॲक्टर, कंडेन्सर वगैरे. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती, कामगारांशी हिंदी, आणि इंग्लिश फक्त ईमेल आणि ड्रॉइंगपुरतं. त्यांना फ्रँकफर्टच्या अचेमामध्ये (केमिकल आणि फार्मा मशिनरीचं मोठं प्रदर्शन, दर तीन वर्षांनी भरतं) स्टॉल मिळाला होता आणि सोबत दहा मिनिटं बोलायची संधी. संधी मिळाल्यापासून झोप उडालेली.

"ताई, मला इंग्लिश फावतच नाही हो. तोंड उघडलं की आधी मलाच माझ्या चुका ऐकू येतात."

हे दुसरं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण सगळी मेख तिथेच होती. त्यांनी आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता, तिथे सरांनी प्रत्येक वाक्याला थांबवून 'इज' की 'आर' ते दुरुस्त केलं, उच्चार सुधारायला लावले, आणि झालं काय तर बोलताना अर्धं लक्ष सतत स्वतःवर पहारा द्यायला लागलं. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला आधीच भीती वाटते त्याला भाषणाच्या तोंडावर असल्या क्लासात घालू नये, नुकसान होतं. परक्या भाषेत बोलायची ही भीती वेगळी ओळखली गेलेली गोष्ट आहे, 1986 मध्ये हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजायला 33 प्रश्नांची एक प्रश्नावली केली होती, आणि भाषा बऱ्यापैकी येणारी माणसंही त्यात सापडतात. म्हणजे भीती आहे म्हणून भाषा येत नाही असं धरून चालू नका.

पुढच्या वेळी त्यांना म्हटलं, तुमच्या मालातला एखादा तुकडा घेऊन या. त्यांनी टेफ्लॉनचा बेलो आणला, पांढरा, पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा. हे काय करतं, मला मराठीत सांगा म्हटलं. तर गृहस्थ खुर्चीतून उठले, माझ्या टेबलावरचा पेनस्टँड एका बाजूला, पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूला, मध्ये बेलो. "हे बघा, काच तापली तरी फुगते अगदी थोडी, स्टीलची फ्रेम फुगते तिच्या तिप्पट-चौपट आणि वर, मग ओढाताण होणार कुणाची? काचेची. ती ओढ हा खातो. हा नसेल तर काच तडकली समजा." आणि बाटली थोडी सरकवून दाखवली, बेलो वाकला, पेनस्टँड जागचा हलला नाही. मी केमिस्ट्री बारावीनंतर सोडलेली बाई, मला कळलं.

मग म्हटलं, आता हेच इंग्लिशमध्ये, आणि मी मोबाईलवर शूट करते. चेहरा उतरला. पण बोलले. तुटक बोलले, 'ग्लास इज एक्स्पांड व्हेरी लेस' असं, पण हात तेच होते आणि बाटली त्याच जागी सरकली.

व्हिडिओ दाखवायच्या आधी विचारलं, तुमचा आवाज दहापैकी किती थरथरलेला दिसेल? म्हणाले नऊ. आता समजा हा कुणी अनोळखी माणूस आहे, असं धरून बघा. बघितल्यावर म्हणाले तीन, जास्तीत जास्त चार. ही युक्ती माझी नाही, सोशल ॲन्झायटीच्या उपचारात व्हिडिओ असाच वापरतात, आधी अंदाज आणि मग प्रत्यक्ष. यावर एक छान प्रयोगही झालाय, सविट्स्की आणि गिलोविच यांचा, 2003 चा. भाषणाआधी काही विद्यार्थ्यांना एवढंच समजावून सांगितलं की तुमच्या आतली धडधड समोरच्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नसते, तर त्यांची भाषणं खरंच चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. छाती धडधडायची ती धडधडणारच, पण ती माईकवर ऐकू जात नाही.

आता उच्चाराने काहीच फरक पडत नाही असंही मी सांगणार नाही, पडतो. 2010 चा शिकागोचा एक अभ्यास आहे, लेव्ह-आरी आणि कायसार यांचा. जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याशिवाय राहू शकतो, असली वाक्यं परक्या उच्चारात ऐकली की लोकांना ती जरा कमी खरी वाटली, कारण ऐकायला कष्ट पडतात. म्हणून कष्ट कमी करायचे, उच्चार अमेरिकन करत बसायचं नाही. हळू बोला, वाक्यं छोटी ठेवा आणि आकडे सगळे स्लाइडवर लिहा, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोळ तोंडी बोलण्यात हमखास होतो. लाख-कोटी बोलू नका, बाहेर कुणाला कळत नाही. आणि जर्मनीत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब, त्यामुळे त्यांच्या कागदावर 1.500 दिसलं तर ते दीड हजार आहे, दीड नाही. हे मात्र त्यांना माहीत होतं, ड्रॉइंगमुळे, आणि मला शिकवताना स्वारी एकदम खुलली.

आम्ही पाठांतर बंद केलं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच पाठ, मधलं सगळं बेलो हातात घेऊन. शेवटचं वाक्य म्हणजे स्टॉलवर या आणि हा स्वतः वाकवून बघा, बस. खरी धास्ती प्रश्नोत्तरांची होती, पोलंडचा माणूस, कोरियाचा माणूस काय बोलेल आणि मला कळलंच नाही तर? म्हटलं, अहो त्यांचीही ती मातृभाषा नाही, तेही तुमच्यासारखेच अडखळतात. त्यासाठी तीन वाक्यं तयार ठेवली: 'प्लीज से इट अगेन, स्लोली', 'लेट मी शो यू ऑन द ड्रॉइंग' आणि 'आय विल चेक अँड मेल यू टुनाइट'. आणि तिसरं बोललात तर रात्री मेल गेलाच पाहिजे.

सरावाला टोस्टमास्टर्सला पाठवलं. लोकांसमोर बोलायचा सराव करवणारी 1924 पासूनची संस्था आहे, बडोद्यातही क्लब आहेत, पहिलं भाषण चार ते सहा मिनिटांचं, स्वतःबद्दल. तिथे एकजण तुमचे अं-अं मोजत असतो, त्या मोजणीकडे सुरुवातीला चक्क दुर्लक्ष करा म्हटलं, आधीच पहारा जास्त झालाय. टेबल टॉपिक्स मात्र सोडू नका, तिथे आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं, प्रश्नोत्तरांची तयारी तिथेच होते.

मध्येच घरात आईंनी सयाजीरावांचं उदाहरण दिलं. महाराज 1875 मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांचे दत्तक आले आणि इथे येऊन मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकले, मग तुला काय धाड भरलीये. (बडोद्यातल्या मराठी घरात कुठल्याही आजारावर हे औषध मिळतं.) गृहस्थ म्हणाले, महाराजांना शिकवायला मास्तर होते, मला जीएसटी भरायचाय.

आणखी एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. एका मित्राने त्यांना धडधड थांबवायची गोळी दिली होती, बीटा ब्लॉकर, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात. यांना लहानपणापासून दमा, आणि दम्यात ही गोळी महागात पडू शकते. असली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि भीती फक्त स्टेजची नसून फोन, चारचौघांत जेवणं, सही करणं असं सगळीकडे पसरली असेल आणि सहा-सहा महिने हटत नसेल तर भाषणाचा सराव बाजूला ठेवून सायकियाट्रिस्टकडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत.

फ्रँकफर्टला काय झालं? हॉल अर्धा रिकामा होता, एक वाक्य मध्येच अडकलं, त्यांनी बेलो वर धरला आणि पुढे गेले. ऑर्डर तिथल्या तिथे एकही नाही. पण नंतर स्टॉलवर लोक आले ते नुसते ब्रोशर उचलणारे नव्हते, काच तडकते म्हणून वैतागलेले होते, आणि त्यातल्या एका पोलिश कंपनीशी मेलामेली चालू राहून पुढे सॅम्पल ऑर्डर आली. भाषणाने धंदा वाढतो तो असा, गरजू माणूस उठून तुमच्यापर्यंत येतो, बाकी काम कोटेशन आणि वेळेवर डिलिव्हरीचं.

परवा आले होते, आता विचारतायत जर्मन शिकू का. म्हटलं नमस्कार, आभार आणि आकडे जरूर शिका, समोरच्याला बरं वाटतं, पण भाव ठरवताना आणि काँट्रॅक्ट बोलताना इंग्लिशच ठेवा. मुलगी कॉलेजात आहे, तिच्या फोनवरच्या ॲपवर दोघं रोज रात्री बसतात म्हणे, आणि ती चुका काढते तेव्हा हे हसतात.