हिवाळ्यात कोई मासे तळाशी बसून राहतात, हीटर लावू का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या मखमलाबादला मागच्या अंगणात 8 बाय 6 फुटांचं, 3 फूट खोल तळं आहे, त्यात 7 कोई आहेत, आणि दिवाळी झाल्यापासून सकाळी सगळे तळाशी बसलेले दिसतात, खाणंही निम्म्यावर आलंय. हीटर घ्यावा का, आणि थंडीत पंप बंद ठेवतात असं वाचलंय तर रात्री तो बंद ठेवावा का, असं विचारलंय.

हीटर घेऊ नका. तुमच्या तळ्यात साधारण 4,000 लिटर पाणी आहे. एवढं पाणी एक अंशाने तापवायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. दुकानात मिळणारा 300 वॅटचा काचेचा हीटर सलग पंधरा तास चालला तरी पाणी जेमतेम एक अंश वर चढेल, तेही पाण्यातली ऊब अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर. उघड्या तळ्यातून ती रात्रभर जातच असते. शिवाय लोडशेडिंगला हीटर बंद पडला की पाणी पुन्हा खाली येतं, आणि माशाला त्रास होतो तो या वरखालीचा.

कोई ही कार्पची जात. जपानमध्ये निगाताच्या डोंगरात, जिथे माणसाच्या उंचीइतका बर्फ पडतो, तिथल्या शेतकऱ्यांनी हे रंग जोपासले. आपल्या नाशिकच्या थंडीने हा मासा मरत नाही. पेपरात ‘निफाड गारठले’ वाचून मलाही पूर्वी धडकी भरायची. पण निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो तो पारा हवेचा असतो, आणि पाणी हवेच्या मानाने फार सावकाश थंड होतं. माझ्या तळ्यात गेल्या जानेवारीत बाहेर 9 अंश असताना सकाळी सातला पाणी 15 होतं, दुपारी तीनला 18. म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची करा. दोरीला बांधून फूटभर खोल सोडा, आणि सकाळ-दुपार आकडा वहीत लिहा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आता तळाशी बसण्याबद्दल. थंड पाण्यात माशाचं शरीरही तेवढंच थंड होतं, त्यामुळे हालचाल मंदावते. सगळे एकत्र, तोंडं साधारण एकाच दिशेला करून शांत बसलेले असतील आणि अकरा-बाराला ऊन पाण्यावर आलं की वर येत असतील, तर ते निरोगी आहेत. मला काळजी वाटते ती वेगळ्या बसलेल्या एकाची. पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात थांबलेला, दगडाला अंग घासणारा, किंवा धबधब्याखाली तोंड वर करून श्वास घेणारा मासा दिसला तर थांबू नका. त्याच दिवशी पाण्यातला अमोनिया, म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून तयार होणारं विष, तपासा.

खाण्यात मात्र आपण माणसंच जास्त चुका करतो, आणि मी केलीय म्हणून सविस्तर लिहिते. कोईला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं, आणि ते पचण्याचा वेग पाण्याच्या तापमानावर असतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात संक्रांतीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पतंग उतरल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला, मुलांनी तळ्यात मूठमूठ चुरमुरे टाकले. मासे दिवसभराच्या उन्हाने जागे होते, त्यांनी खाल्ले. मी बघत होते आणि मला कौतुकच वाटत होतं. रात्री पारा एकदम उतरला. चौथ्या दिवशी माझी सर्वांत जुनी, पांढरी-तांबडी मादी पोट फुगून कडेला आली आणि वाचली नाही. न खाल्लेले चुरमुरे तळाशी कुजून अमोनियाही वाढला होता. तेव्हापासून आमच्याकडे हिवाळ्यात दुपारी दोननंतर तळ्यात कुणीही काही टाकत नाही, आणि नव्या पाहुण्याला हे मी दारातच सांगते.

माझा नियम असा आहे. दुपारचं पाणी 18 च्या वर असेल तर दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच. 15 ते 18 मध्ये एक दिवसाआड, आणि तेही व्हीटजर्मचं, म्हणजे गव्हाच्या अंकुराचं, हलकं खाद्य, कारण जास्त प्रथिनांचं खाद्य त्या थंडीत पचायला जड जातं. 15 च्या खाली गेलं की तीन दिवसांतून चिमूटभर, आणि सकाळचा आकडा 12 पर्यंत आला की मी डबा बंद करून कपाटात ठेवते. वेळ अकरा ते एकची, म्हणजे पचायला उन्हाचे तास मिळतात. आठवडाभर खायला दिलं नाही तरी धडधाकट कोईला काही होत नाही. अंगावरची चरबी आणि भिंतीवरचं शेवाळ त्यांना पुरतं.

पंपाबद्दल तुम्ही जे वाचलंय ते गोठणाऱ्या देशांसाठी खरं आहे. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून बर्फाखाली तळाशी थोडी ऊब टिकते आणि ती ढवळायची नसते. आपलं पाणी तिथवर कधी जातच नाही. इथे पंप आणि त्यावर चालणारा फिल्टर बंद केला तर त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू हवेवाचून काही तासांत मरू लागतात, आणि सकाळी पंप सुरू केला की ती घाण सगळी तळ्यात येते. थंडीने ते जिवाणू आधीच मंद झालेले असतात. तेव्हा फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. धबधबा मात्र सूर्यास्ताला बंद करा. रात्रीच्या कोरड्या वाऱ्यात ते पाणी पसरून पडतं आणि झपाट्याने थंड होतं. फिल्टरचा परतीचा पाइप पाण्याखाली सोडला की झालं. ऑक्सिजनची चिंता करू नका, 10 अंशांच्या पाण्यात तो 30 अंशांच्या पाण्याच्या जवळपास दीडपट मावतो. छोटा एअर पंप असेल तर चालू राहू द्या, तेवढं पुरे.

ऊब राखायला सर्वांत स्वस्त उपाय झाकणाचा. बांबूच्या चौकटीवर हिरवी शेडनेट आणि तिच्यावर जाड प्लास्टिक, संध्याकाळी पाचला टाकायचं, सकाळी नऊला काढायचं. एक बाजू वीतभर उघडी ठेवा. निरभ्र रात्री पाण्याची उष्णता आकाशाकडे निघून जाते, ती झाकणाने बरीच अडते. दिवसा प्लास्टिक काढलं तरी शेडनेट राहू द्या, कारण थंडीत बगळे आणि वंचक अंगणात उतरतात, आणि सुस्तावलेला कोई त्यांना सहज सापडतो.

पाणी बदलायचं असेल तर एका वेळी दहावा भाग, तुमच्याकडे 400 लिटर, आणि तेही दुपारी. गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी कधीच सोडू नका, रात्रभर गारठून ते तळ्यापेक्षाही थंड झालेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आधी दिवसभर उघड्या पिंपात ठेवा किंवा क्लोरीन घालवणारं थायोसल्फेट घाला. बोअर असेल तर तुम्ही नशीबवान. थंडीच्या लाटेत द्राक्षबागायतदार पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, बागेत शेकोट्या करतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. जमिनीतलं पाणी हिवाळ्यात कोमट असतं हा त्यांचा अनुभव तळ्यालाही लागू पडतो. फक्त बारीक धार धरा आणि ती दोन-तीन फुटांवरून पडू द्या, कारण बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

आणि मखमलाबाद म्हणताय, तर द्राक्षबाग जवळच असणार. ऑक्टोबर छाटणीनंतर थंडीभर फवारण्या चालतात. मोरचूद असलेलं बोर्डो मिश्रण आणि काही कीटकनाशकं माशांना फार घातक असतात, वाऱ्याबरोबर आलेले तुषारही पुरतात. आमच्या मागच्या बागेचे नाना फवारणीच्या आदल्या संध्याकाळी कुंपणावरून हाक मारतात, मी तळं पूर्ण झाकते आणि वारा पडेपर्यंत झाकण काढत नाही. तुम्हीही शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. कुणीही मुद्दाम मासे मारत नाही, त्यांना तळं आहे हेच माहीत नसतं.

मीठ सरसकट घालू नका. एखादा मासा अंग घासताना दिसला तर 1,000 लिटरला 1 किलो साधं खडे मीठ, बादलीत विरघळवून. पाणी उडालं तरी मीठ उडत नाही, म्हणून किती घातलं ते वहीत लिहा. कमळ असेल तर आधी त्याची कुंडी बाहेर काढा.

खरा जपण्याचा काळ फेब्रुवारीचा. दुपारी ऊन चटका देतं, रात्र अजून गार असते, आणि माशांची प्रतिकारशक्ती सावरायच्या आत परजीवी जागे होतात. मासे वर येऊन खायला मागतील. सकाळचा आकडा सलग आठ दिवस 18 च्या वर राहीपर्यंत त्यांच्या मागण्याला भुलू नका.

अजून एक, 4,000 लिटरला 7 कोई जास्त आहेत. पूर्ण वाढलेल्या एका कोईला मी हजार लिटर धरते. या थंडीत त्यांना हलवू नका, उन्हाळ्यात तीन कुणाला तरी द्या, किंवा दोन देऊन तळं फूटभर खोल करा.

आठवडाभराचे सकाळ-दुपारचे आकडे आणि अमोनियाची एक चाचणी इथेच खाली लिहा, मग खाद्य किती ठेवायचं ते नेमकं सांगते.