बाल्कनीत घरापुरती भाजी पिकवता येते का?

तुम्ही विचारलंय, फ्लॅटच्या बाल्कनीत चौघांपुरती भाजी पिकते का. नाही पिकत. सात वर्षं डोंबिवलीत हा उद्योग करतेय, म्हणून आधीच सांगून टाकते. आठवड्यातून दोनदा घरची पालेभाजी पानात पडते, तेवढीच.

पहिल्या वर्षी मीही टोमॅटोच्या मागे लागले. मोजून अकरा आले, त्यातले तीन बुडाशी काळे. फळभाजीला निदान सहा तास ऊन हवं, माझ्याकडे जेमतेम चार. मग नाद सोडला.

मेथीपासून सुरुवात करा. बियाणं विकत आणू नका, डब्यातलेच दाणे रात्रभर भिजवा. फळवाल्याकडून थर्माकोलचं खोकं मागून घ्या, तळाला भोकं पाडा, चार बोटं माती घाला आणि दाणे दाट पसरून वर मातीचा पातळ थर द्या. पंधरा दिवसांत बाजारात वाळूतल्या बारीक मेथीच्या जुड्या मिळतात ना, तशी मेथी तयार. मुळासकट उपटायची. चार खोकी करून दर चार-पाच दिवसांनी एकेक पेरलंत तर खंड पडत नाही.

पण माझा खरा लाडका मायाळूचा वेल. आईनं माहेरून वीतभर कांडी आणली होती, दोन पेरं मातीत खोचली. पावसाळ्यात त्यानं सगळं ग्रिल झाकून टाकलं. पानांची भजी करा, नाहीतर चणाडाळ घालून पातळ भाजी. पिकलेली फळं चिरडली की बोटं शाई सांडल्यासारखी जांभळी होतात. तीच खाली पडून पुन्हा उगवतात, मला काही करावं लागत नाही. शेजारच्या कुंडीत वडीचं अळू आहे, त्याला रोज तांदूळ धुतलेलं पाणी.

बाकीची भाजी विकतच, पण स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका बसतात त्यांच्याकडून. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी येते. सोबत काकडं, म्हणजे त्यात घालायची आंबट रानफळं, मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल! मग टाकळा, फोडशी, कंटोळी या पावसाळी रानभाज्या. कशी करायची हे त्याच सांगतात, आणि गुगलपेक्षा बरं सांगतात.

तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते लिहा. उत्तरेला असेल तर मिरची-वांग्याची रोपं आणूच नका.