नोट्स एकीने काढायच्या, मार्क पाच जणांना?

आठवी-नववीच्या मुलांचे पालक हल्ली माझ्याकडे एक तक्रार हमखास घेऊन येतात. वर्गाच्या नोट्स सगळ्यांच्या मिळून एकाच ऑनलाइन फाइलमध्ये असतात, राबतं आमचं मूल आणि बाकीचे परीक्षेच्या तोंडावर येऊन आयतं वाचून जातात. “मग हे शेअरिंग बंदच करायला सांगू का?”

अशीच एक नववीतली मुलगी आईबरोबर आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विज्ञानाच्या बाईंनी पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक गूगल डॉक दिला होता. धड्याच्या नोट्स मिळून काढायच्या, मार्क गटाला. मुलगी रात्री उशिरापर्यंत ती फाइल उघडून बसायची. झोप अपुरी, चिडचिड वाढलेली. आई म्हणाली, “मॅडम, चौघं जण हिच्या जिवावर मजा मारतायत.”

गटात माणसं सैलावतात, हे खरंच आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोरी ओढणारे हात वाढले, तसा प्रत्येकाचा जोर कमी झालेला दिसला. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांना टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यातही तेच आढळलं. पण पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की कोणाचा वाटा किती हे वेगळं कळणार असेल, तर हे अंग चोरणं बरंच कमी होतं.

सामायिक फाइलमध्ये ते कळतं. त्यामुळे अशा वेळी मी आधी व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइलमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद, उघडायला सांगते. प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, खोडलेला मजकूर रेघ मारून दिसतो. (मुलं आपापल्या खात्यातून आत आलेली असली पाहिजेत, नाहीतर नावं कळत नाहीत.)

मुलीने जरा ऐटीतच लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सुरुवातीच्या धड्यात चार रंग होते. संध्याकाळी एका मैत्रिणीने दोन परिच्छेद लिहिलेले, रात्री दोन्हींवर रेघ आणि खाली हिच्या रंगातला नवा मजकूर. पुढच्या धड्यात दोन रंग. त्यापुढे एकच.

“हे का काढलंस?”

“चुकीचं होतं.”

“सगळंच?”

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. “सगळं नाही. पण बाईंनी सांगितलं तशा शब्दांत नव्हतं.”

आई काहीतरी बोलणार होती, मी तिला थांबवलं. मुलीवर डाफरून काही साधणार नव्हतं. ती मनाने वाईट नव्हती, घाबरलेली होती. फाइलमधली प्रत्येक ओळ बिनचूक असली, तरच आपला अभ्यास झाला असं तिने धरून ठेवलं होतं.

वागण्यातले बदल छोटेच ठरवले. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा तर ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये, म्हणजे बदल सूचना म्हणून दिसतो आणि मूळ वाक्य जागेवर राहतं. स्वीकारायचं की नाही, हे ज्याने लिहिलं त्याने ठरवायचं. धड्याचे भाग आधीच वाटून घ्यायचे. रात्री जेवणानंतर फाइल उघडायची नाही. या शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त घासाघीस झाली.

आयतं वाचणाऱ्यांबद्दल आईचा राग मात्र तसाच होता. तिला मी रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगितला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले बरेच पुढे निघाले. म्हणजे तयार नोट्स नुसत्या वाचणाऱ्याच्या हाती वाटतं तेवढं काही लागत नाही. तोच नियम मुलीलाही लागू होता. म्हणून धडा झाला की आधी वहीत आठवेल तेवढं लिहायचं आणि मगच फाइलशी ताडून बघायचं, असं ठरलं.

पुढच्या भेटीत फाइलमध्ये पुन्हा तीन रंग होते. मैत्रिणीने एक सूचना चक्क नाकारली होती, त्यावर मुलगी अजून धुसफुसत होती. एक मुलगा काहीच लिहीत नव्हता. त्याचं काय करायचं ते बाईंनी बघायचं. हिस्ट्री त्यांनाही उघडता येते आणि गटाला मार्क देण्याआधी त्यांनी ती उघडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आईने पालकसभेत तेवढं सांगायचं कबूल केलं, मुलाचं नाव न घेता.