सिंगापूरला निघताय, पण आईचं काय ठरवलंत?

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही. बडोद्याहून सिंगापूरची नोकरी आली आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, आई बडोद्यातच मांजलपूरला एकटी राहणार. त्यात तुम्ही कुठे तरी वाचलंत की आसियानच्या, म्हणजे सिंगापूरसकट आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेतली सरकारं समाजकल्याण आणि कुटुंब या विषयांवर एकत्र काम करतात, त्यांचे मंत्री नियमित भेटतात. म्हणून विचारलंत की कुटुंबासकट जाणाऱ्याला तिथे काही आधार मिळेल का. मी २०१२ मध्ये बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर सोडून इथे सिंगापूरला आले, नवऱ्याच्या नोकरीमागे, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन. पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, कसा काढायचा, त्यासाठी गुण कसे मोजतात, घरभाडं किती, हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे. ते मी लिहीत नाही.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. आसियान १९६७ ची संघटना. समाजकल्याण मंत्र्यांच्या वेगळ्या बैठका होतात, २०१० पासून स्त्रिया आणि मुलांच्या हक्कांसाठी एक आयोग आहे. २०१३ मध्ये ब्रुनेईला सामाजिक संरक्षणाचा जाहीरनामा झाला, त्यात स्थलांतरित कामगारांचं नाव आहे. २०२२ मध्ये नोम पेन्हला आणखी एक झाला: एका देशात काम करून मिळवलेले सामाजिक सुरक्षेचे हक्क दुसऱ्या देशात गेल्यावर बुडू नयेत. ही चांगली कामं आहेत. आमच्या इमारतीत घरकामाला राहणाऱ्या फिलिपिन्सच्या, म्यानमारच्या बायका स्वतःची मुलं गावी ठेवून इथे दुसऱ्यांची मुलं सांभाळतात. त्यांच्यापर्यंत यातलं थोडं जरी पोचलं तरी मला मनापासून आनंद होईल. पण ते जाहीरनामे आहेत. कायदा ज्या त्या देशाचाच चालतो, आणि हे सगळं आसियानमधल्या देशांनी एकमेकांच्या लोकांसाठी मांडलेलं आहे. भारत त्यात नाही. आपल्याकडे दक्षिण आशियातल्या देशांचा सार्क आहे, त्यानेही २००२ मध्ये बालकल्याणाचा करार केला होता. पण २०१४ नंतर त्याची शिखर परिषदच झालेली नाही.

आपल्या सरकारने जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. तिथे केलेली नोकरी आणि भारतातली नोकरी पेन्शनसाठी जोडून धरता येते. सिंगापूरशी तसा करार नाही. सिंगापूरचा भविष्यनिर्वाह निधी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, पासवर आलेल्या माणसाचा त्यात पैसाही जात नाही. तुमची पीएफची आठ वर्षं झाली आहेत असं लिहिलंय. पेन्शनला दहा लागतात. निघताना पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा पीएफचा दाखला, घ्या. परत येऊन नोकरी धरलीत तर ती आठ वर्षं पुढे मोजली जातात. आम्ही पैसे काढले. विमानाची तिकिटं आणि घराची अनामत त्यात गेली.

आसियान मला पहिल्यांदा दिसलं ते मुलाच्या शाळेच्या फीमध्ये. इथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलांच्या फीचे दोन वेगळे दर असतात, एक आसियान देशांतल्या मुलांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. माझ्या मुलाशेजारी बसणाऱ्या व्हिएतनामच्या मुलापेक्षा आम्ही दर महिन्याला बरेच जास्त भरत होतो. त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, दोघं अजून मित्र आहेत. पण तुम्ही हिशेब मांडताना हा आकडा नीट बघा, दरवर्षी बदलतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला मातृभाषा हा विषय असतो. भारतीय मुलांना तमिळ घेता येतं, नाही तर हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू. मराठी त्या यादीत नाही. फॉर्म भरताना मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही भारतातल्या कुठल्या राज्यातून आलात? मी म्हटलं, गुजरात. त्यांनी गुजरातीवर खूण केली. मी काही बोलले नाही. गुजराती मला येत होतं, मुलाला घरी शिकवता येईल, मार्क चांगले पडतील, असा विचार केला.

सयाजीरावांच्या गावात, सुरसागरच्या काठाला, सात पिढ्या मराठी सांभाळून राहिलेलं आमचं घर. बाहेर पडलं की गुजराती, उंबरा ओलांडून आत आलं की मराठी. माझी आई भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या पटेलकाकूंशी गुजरातीत बोलायची आणि आमच्या तोंडून घरात एक गुजराती शब्द आला तरी डोळे वटारायची. मुलगा शनिवारी गुजरातीच्या वर्गाला जायचा. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण तो उत्तर इंग्रजीत द्यायचा, आणि अभ्यास गुजरातीचा. दोन वर्षांत त्याची मराठी अडखळायला लागली. इथल्या महाराष्ट्र मंडळात नाव घातलं होतं, पण शनिवार-रविवार शिकवण्या, मग ते सुटलं. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, एक्क्याण्णवावं. आई रोज रिक्षा करून गेली. रात्री फोनवर उत्साहाने सांगत होती, आणि मध्येच मुलाने फोन घेऊन तिला गुजरातीत विचारलं, बा, तमे शुं खाधुं? म्हणजे आजी, तू काय खाल्लंस? ती क्षणभर गप्प झाली. मग तिने त्याला गुजरातीत उत्तर दिलं. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी गुजरातीतच बोलायची. भाजीवाल्याशी बोलायची त्या भाषेत नातवाशी. तक्रार एकदाही केली नाही तिने. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुलीसाठी तुम्ही कुठलीही भाषा निवडा, पण मंडळाची मराठी शाळा सोडू नका. चार मार्क कमी पडू द्या.

कागदपत्रांबद्दल थोडं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव बरोडा, पासपोर्टवर वडोदरा. लग्नाच्या गुजराती दाखल्यावर आडनाव आधी आणि नाव माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं. ही दोन्ही गावं एकच आणि ही दोन्ही बायका एकच, हे सिद्ध करायला मला चार महिने लागले. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून गांधीनगर, प्रत्येक ठिकाणी नवा शिक्का. ॲफिडेव्हिट आणलं तर म्हणाले जुनं झालं. आठवलं की आजही हात कापतात. आता एक गोष्ट सोपी झाली आहे: अपोस्टील, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा धरावा म्हणून मिळणारा शिक्का, त्याच्या करारात भारत २००५ पासून आहे आणि सिंगापूर सप्टेंबर २०२१ पासून, त्यामुळे वकिलातीतून वेगळी खातरजमा लागत नाही. देशांनी आपसात केलेला करार माझ्या हातातल्या कागदापर्यंत पोचलेला मी पाहिला तो एवढा. नावांच्या दुरुस्त्या मात्र निघण्याआधी बडोद्यातच करून घ्या.

एकटेपणाचं तुम्ही विचारलंत. तो असतो, वर्षभराने सवय होते. बायकोला नोकरी करायची असेल तर आधीच बघा. मे २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या, म्हणजे पासधारकाचं कुटुंब म्हणून आलेल्या, जोडीदाराला काम करायला स्वतःचा वर्क पास लागतो. माझी नोकरी त्यात गेली.

आणि आई. इथे कुटुंब म्हणजे लग्नाचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं. पासधारकाचा महिन्याचा पगार सहा हजार सिंगापूर डॉलर असेल तर ती येऊ शकतात. आई-वडिलांसाठी बारा हजार लागतात. आम्ही आलो तेव्हा आकडा कमी होता, पण २०१५ मध्ये वाढला, २०१८ मध्ये पुन्हा वाढला. नवऱ्याचा पगार एक पायरी चढला की अटही एक पायरी चढायची. आणि गाठला असता तरी ते आई-वडील पासधारकाचे. पास माझा नव्हता. माझी आई व्हिजिट व्हिसावर यायची, महिनाभर राहायची, लोणच्याची बरणी रिकामी झाली की जायची. दोनच वेळा आली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तिला ताप आला. २३ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून सिंगापूरने भारतातून येणाऱ्या पासधारकांना प्रवेश बंद केला. मी गेले असते तर परत कधी येता येईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. मुलगा चौदा वर्षांचा होता. नवरा म्हणाला, तू ठरव. मी ठरवलं. जायचं नाही. बहीण कारेलीबागेत होती, तिने सगळं केलं. मे महिन्यात आई गेली. मी ते व्हिडिओवर पाहिलं.

आपल्याकडे २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, तो परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. सिंगापूरनेही १९९५ मध्ये तसा कायदा केला. दोन्हीकडे हिशेब मुख्यतः पैशांचा होतो. मी दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवत होते, एकदाही चुकले नाहीत. कायद्यापुढे मी दोषी नाही.

मुलगा आता मोठा झाला. मागच्या दिवाळीला बडोद्याला गेलो तेव्हा त्याने आजीच्या कपाटातून तिची वही काढली, मोडी वळणाच्या तिच्या अक्षरातल्या पाककृती. त्याला एक ओळ वाचता येईना. मला म्हणाला, तू वाच. मी सगळी वही वाचून दाखवली, रात्री दोनपर्यंत.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. माझ्या मुलाला इथे जे शिक्षण मिळालं ते मला नाकारता येत नाही. पण मंत्र्यांच्या बैठकांच्या भरवशावर आईची व्यवस्था सोडू नका. जवळचा कोण, रात्री दोनला कोण येईल, दवाखान्यात सही कोण करेल, बँकेत तिच्यासोबत दुसरं नाव कोणाचं, हे आधी ठरवा. आणि आईचा पासपोर्ट आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तुमच्या पासच्या अर्जाच्या आधी तिच्या पासपोर्टचा अर्ज भरा, आणि जन्मगाव तिच्या जुन्या दाखल्यावर कसं लिहिलंय ते त्याआधी बघून घ्या.