'ट्रिएनालेत' की 'ट्रिएनाल्यात'?

माझी भाची फोर्टमधल्या एका कलादालनासाठी मराठी फलक लिहिते. परवा तिने एका फलकाचं प्रूफ पाठवलं. विषय होता मिलानचं ट्रिएनाले, म्हणजे इटलीतल्या मिलान शहरातलं तीन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, आणि 'ट्रिएनाल्यात' या शब्दाभोवती तिनेच लाल गोल काढला होता. खाली प्रश्न : "मामा, ट्रिएनालेत की ट्रिएनाल्यात? आणि सरळ 'त्रैवार्षिक' म्हटलं तर चालेल का?"

पहिल्याचं उत्तर झटपट देता येतं. 'तळे'चं 'तळ्यात' होतं, 'गाणे'चं 'गाण्यात', कारण तिथला शेवटचा 'ए' आपल्या नपुंसकलिंगाचा आहे. ट्रिएनालेतला तसा नाही. आपण रेल्वेत म्हणतो, कॅफेत म्हणतो, तसंच ट्रिएनालेत आणि बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात. लिंगाचं म्हणाल तर इटालियनमध्ये हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, कारण 'प्रदर्शन' या अर्थाचा तिथला शब्द स्त्रीलिंगी. आपलं प्रदर्शन नपुंसकलिंगी, म्हणून मी 'ते बिनाले' म्हणतो. 'कोचीची बिनाले' म्हणणारेही पुष्कळ भेटतात, त्यांना मी अडवत नाही.

दुसरा प्रश्न मला फार आवडला. 'बिएनाले', म्हणजे आपण म्हणतो ते बिनाले, हे मुळात इटालियन विशेषण : दर दोन वर्षांनी होणारं. त्यातला 'बि' म्हणजे आपल्या 'द्वि'चाच सख्खा भाऊ, जुन्या लॅटिनमध्ये त्याच्या तोंडीही 'द' होता. व्हेनिसच्या नगरपालिकेने १८९३ मध्ये असं प्रदर्शन भरवायचा ठराव केला आणि १८९५ मध्ये पहिलं भरलं, तेव्हा त्याचं नाव होतं 'व्हेनिस शहराचं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन'. एवढं लांब नाव कोण घेणार? विशेषण तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं आणि त्याचंच नाम झालं.

हे आपल्याला परकं वाटू नये. त्याच १८९५ साली आपल्या मुंबईत 'मासिक मनोरंजन' सुरू झालं. 'मासिक' म्हणजे महिन्याचं, विशेषणच. पण आज आपण "मासिक आलं का?" असं बेलाशक विचारतो. दैनिक, साप्ताहिक, त्रैमासिक, सगळ्यांची हीच वाट. नाशिकचा सिंहस्थ तर याहून सुंदर. सिंह राशीत असतो तो गुरू, पण नाव मिळालं मेळ्याला.

आता मिलान. हे प्रदर्शन मिलानमध्ये सुरूच झालं नाही. १९२३ मध्ये जवळच्या मोंझा गावी, तिथल्या राजवाड्यात, शोभेच्या आणि उपयोगाच्या कलांचं प्रदर्शन म्हणून ते भरलं, आणि तेव्हा नाव होतं बिएनाले. १९२५, १९२७ अशी दोन वर्षांची पाळी नीट चालली. पुढचं १९३० मध्ये, तीन वर्षांनी. नाव लगेच बदललं : ट्रिएनाले. म्हणजे तोवर तो शब्द जिवंत विशेषण होता, काळ बदलला की त्यालाही बदलावं लागत होतं. १९३३ मध्ये प्रदर्शन मिलानला आलं, जोव्हान्नी मुझिओ या वास्तुरचनाकाराने बांधलेल्या कलाभवनात, आणि आजही ते तिथेच आहे. पुढे मात्र शब्द थिजला. १९९६ नंतरचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन थेट २०१६ मध्ये भरलं. मध्ये वीस वर्षं गेली, पण ट्रिएनाले हे नाव हललं नाही, कारण एव्हाना ते त्या संस्थेचं आणि त्या वास्तूचंही झालं होतं.

म्हणून भाचीला सांगितलं : नाव म्हणून येईल तिथे ट्रिएनालेच ठेव, प्रकार सांगायचा असेल तिथे मराठी शब्द घे. कोणता? 'त्रैवार्षिक' रुळलेला आहे, चूक म्हणणार नाही. पण आपण 'पंचवार्षिक' म्हणतो, 'पांचवार्षिक' नाही. त्याच रांगेत द्विवार्षिक, त्रिवार्षिक जास्त शोभतात. एक अडचण खरी आहे. 'पंचवार्षिक योजना' पाच वर्षं चालते, पाच वर्षांनी भरत नाही. म्हणून शब्द एकटा सोडू नये, 'त्रिवार्षिक प्रदर्शन' असं पुरतं लिहावं.

आणि बोलताना तर आपला 'आड' आहेच. दिवसाआड पाणी येतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, मग बिनाले म्हणजे वर्षाआड भरणारं प्रदर्शन. मोजताना मात्र जपा. 'आड' मधली वर्षं मोजतो, म्हणून ट्रिएनाले दोन वर्षांआड, तीन नव्हे. भाचीच्या पहिल्या मसुद्यात नेमकं 'तीन वर्षांआड' होतं.

केरळातल्या कोची-मुझिरिस बिनालेचं नावही मिलानसारखंच थिजलेलं. ते सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघेही आपल्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. २०१२ ते २०१८ ते वर्षाआड भरलं, मग करोनामुळे थेट २०२२ मध्ये. नाव तेच राहिलं.

फलकाची पहिली ओळ आता अशी आहे : 'मिलानचं ट्रिएनाले : कला आणि डिझाइनचं त्रिवार्षिक प्रदर्शन. आरंभ १९२३, मोंझा.' 'डिझाइन'ला हात लावू नकोस, असं मीच तिला सांगितलं. 'अभिकल्प' वाचून फलकासमोर कुणी थांबणार नाही.