व्हीपीएन चालेल, खोटा देश चालणार नाही

प्रश्न : मी भाड्याच्या घरात राहतो. वाय-फाय सहा जणांत मिळून आहे, म्हणून कॉम्प्युटरवर व्हीपीएन (इंटरनेटचा संवाद सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) कायम सुरू असतं. पाच आठवड्यांपूर्वी ते आपोआप परदेशातल्या सर्व्हरला जोडलं गेलं आणि स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये देश बदलायचा पर्याय आला. तिथे किंमत बरीच कमी होती. मी तो देश निवडला, पण माझं कार्ड चाललं नाही. मग त्याच देशातल्या एका ऑनलाइन मित्राने त्याच्या कार्डावरून, त्याचाच पत्ता टाकून पैसे भरले. गेम अकरा तास खेळून झाला आहे. आता माझ्या कार्डाने काहीच विकत घेता येत नाही. मित्राला त्याचे पैसे परत हवेत आणि 'बँकेत तक्रार करून ते मागे घेतो' असं तो म्हणतोय. खात्यात नऊ वर्षांचे गेम्स आहेत. हा गुन्हा ठरतो का? खातं जाईल का? व्हीपीएन बंद करावं लागेल का?

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांआधी चौथी गोष्ट, कारण तिला वेळ नाही. मित्राला आज कळवा की बँकेत तक्रार करू नकोस. कार्डावरची रक्कम वादग्रस्त ठरली की स्टीम ते पेमेंट ज्या खात्यावर झालं तेच खातं लॉक करतं, म्हणजे तुमचं. शिवाय त्याने स्वतःच्या संमतीने भरलेली रक्कम 'मी भरलीच नाही' असं बँकेला सांगणं हे खोटं निवेदन आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्याचे पैसे तुम्ही थेट परत करा आणि 'रक्कम पूर्ण मिळाली, अमुक तारखेच्या व्यवहाराबद्दल माझी काही तक्रार नाही' एवढं त्याच्याकडून लेखी घ्या. मेसेज चालेल, फक्त तो जपून ठेवा.

आता गुन्ह्याचं. गोपनीयतेसाठी व्हीपीएन वापरणं बहुतेक देशांत कायदेशीर आहे. चीन, रशिया, इराण, तुर्कमेनिस्तान अशा ठिकाणी त्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे तिथे राहणाऱ्याने आधी स्थानिक कायदा पाहावा. तुमची अडचण व्हीपीएनमुळे नाही, कराराने झाली आहे. खातं उघडताना मान्य केलेल्या स्टीमच्या सदस्य करारात स्पष्ट कलम आहे : आपण राहतो ते ठिकाण लपवण्यासाठी आयपी प्रॉक्सी (इंटरनेटवरचा आपला पत्ता, म्हणजे आयपी, वेगळा दाखवणारी सोय) किंवा तत्सम मार्ग वापरायचा नाही, मग तो भौगोलिक निर्बंध टाळण्यासाठी असो, आपल्या भागाला लागू नसलेल्या किमतीत खरेदी करण्यासाठी असो की आणखी कशासाठी. तसं केल्यास खात्याचा वापर बंद करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. तुम्ही केला तो या कलमाचा भंग, म्हणजे दिवाणी स्वरूपाची बाब.

तरी एक गोष्ट मला गंभीर वाटते. सर्व्हर चुकून बदलणं वेगळं आणि दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून देऊन कमी किंमत मिळवणं वेगळं. जाणूनबुजून खोटी माहिती देणं, समोरच्याने तिच्यावर विसंबणं आणि त्यातून आर्थिक फायदा घेणं ही फसवणुकीची अंगं बहुतेक कायद्यांत थोड्याफार फरकाने सारखीच असतात. एका गेमसाठी कुणी फौजदारी कारवाईच्या मागे लागण्याची शक्यता मला फारच कमी दिसते, पण हेच पुन्हा पुन्हा केलं किंवा असे गेम्स विकले, तर चित्र बदलतं.

खात्याबद्दल : कलमातला शब्द 'बंद करू शकते' असा आहे, 'बंद होईल' असा नाही. सध्या तुमची खरेदी अडली आहे तिचं साधं कारण म्हणजे स्टोअरचा देश एक आणि तुमचं कार्ड दुसऱ्या देशाचं. स्टीमवर देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, आणि तोही नव्या देशातल्या पेमेंट साधनाने खरेदी पूर्ण केली तरच. तुमचे अजून सुमारे दोन महिने बाकी आहेत. तोवर त्या खात्यावर काहीही विकत घेऊ नका, वॉलेटमध्ये शिल्लक असली तरीही नाही. चुकीच्या देशाच्या किमतीत केलेली प्रत्येक खरेदी हा नवा भंग आहे आणि 'एकदाच झालं' हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा त्याने संपतो.

दोन महिने थांबण्यापेक्षा सपोर्टला आताच लिहिलेलं बरं. व्हीपीएन बंद करून, नेहमीच्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करा आणि थोडक्यात लिहा : माझा राहण्याचा देश अमुक, स्टोअरमध्ये तमुक नोंदला गेला आहे, तो या तारखेला व्हीपीएन सुरू असताना बदलला, कृपया दुरुस्त करावा. कार्ड कुणाचं असं विचारलं तर खरं सांगा. न विचारता सगळी कहाणी मांडण्याची गरज नाही, पण 'मी तिथे प्रवासात होतो' यासारखं एकही खोटं वाक्य लिहू नका. लॉगिनच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि पकडलेलं खोटं मूळ चुकीपेक्षा महाग पडतं. त्या गेमच्या रिफंडची नेहमीची मर्यादा खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ अशी आहे. तुम्ही दोन्ही ओलांडल्या आहेत. मर्यादेबाहेरची विनंतीही ते पाहतात, तेव्हा मागायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.

खातं खरंच बंद झालं तर? तुमच्याकडे गेम्सची मालकी नाही, परवाना आहे. 'नऊ वर्षांची माझी मालमत्ता' हा युक्तिवाद म्हणूनच दुबळा पडतो. स्टीमने २०२४च्या सप्टेंबरमध्ये सक्तीच्या लवादाचं कलम काढलं, त्यामुळे न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे आणि काही देशांचा ग्राहक कायदा घरच्या न्यायालयाचा आधारही देतो. युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१मध्ये भौगोलिक निर्बंधांवरून स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला १६ लाख युरोंहून जास्त दंड केला, तो निकाल अशा वेळी हमखास पुढे केला जातो. तो तुमच्या कामाचा नाही. वाद युरोपीय आर्थिक क्षेत्रात गेम सुरू करायचे कोड ('अॅक्टिव्हेशन की') अडवण्यासाठी कंपन्यांनी केलेल्या संगनमताचा होता. ग्राहकाने देश खोटा सांगण्याला त्यात मुभा मिळालेली नाही.

व्हीपीएन मात्र ठेवा. सामाईक वाय-फायवर ती रास्त खबरदारी आहे आणि तिच्यासाठी परदेशी सर्व्हर लागतच नाही. 'सर्वांत वेगवान सर्व्हर' हा आपोआप निवडीचा पर्याय बंद करून स्वतःचाच देश कायमचा ठरवून द्या. जोडल्यावर आयपीचा देश एकदा तपासा. सर्व्हर तुमच्या देशाच्या नावाने दाखवला तरी आयपीची नोंद दुसरीकडची असू शकते.

स्टीमला तर मी व्हीपीएनच्या बाहेरच ठेवेन. कलमातले 'आणखी कशासाठी' हे शब्द फार रुंद आहेत. स्वदेशी सर्व्हरने राहण्याचा देश लपत नाही असा युक्तिवाद करता येतो आणि तो मला पटतोही, पण तो करण्याची वेळच का यावी? बाहेर ठेवल्याने गमावता फार थोडं. तुम्ही लॉगिन केलेलं असतं, कार्ड त्यांच्याकडे असतं, म्हणजे स्टीमपासून तुमची ओळख व्हीपीएन लपवत नाहीच. दुकानाशी होणारा तुमचा संवाद आधीच एन्क्रिप्टेड असतो. घरातल्या इतर भाडेकरूंना कळलं तर एवढंच की या कॉम्प्युटरवर स्टीम चालू आहे.

त्यासाठी व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये स्प्लिट टनेलिंग (ठरावीक प्रोग्रॅम व्हीपीएनच्या बाहेर ठेवण्याची सोय) शोधा. स्टीम पूर्ण बंद करा, खाली ट्रेमधूनसुद्धा. मग वगळायच्या यादीत स्टीम डॉट ईएक्सई आणि स्टीमवेबहेल्पर डॉट ईएक्सई हे दोन्ही घाला. दुकानाची पानं दुसऱ्या प्रोग्रॅममधून उघडतात. पहिलाच वगळला तर लॉगिन एका देशातून आणि खरेदी दुसऱ्या देशातून झाल्यासारखी दिसते. याच कारणाने खरेदी ब्राउझरमधून नको, स्टीमच्या प्रोग्रॅममधूनच करा, कारण ब्राउझर व्हीपीएनच्या आतच राहतो. काही व्हीपीएनचं किल स्विच (व्हीपीएन तुटल्यावर इंटरनेट थांबवणारी सोय) वगळलेल्या प्रोग्रॅमचंही इंटरनेट तोडतं, तेव्हा व्हीपीएन मुद्दाम खंडित करून एकदा पाहा. तुमच्या व्हीपीएनमध्ये ही सोयच नसेल तर देश बदलण्याच्या आणि खरेदीच्या वेळी ते सरळ बंद ठेवा.

घरात कन्सोल असेल तर व्हीपीएन राउटरवर बसवू नका, नाहीतर सगळीच उपकरणं त्यातून जातात. तिथले नियम ज्याचे त्याचे आहेत : एक्सबॉक्सवर प्रदेश तीन महिन्यांतून एकदा बदलता येतो, प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलत नाही, नवंच खातं उघडावं लागतं.